सातव्या क्रमांकाची सही

त्यांना कुणी 'थँक यू' म्हटलेलं खपत नसे. त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत मी भाड्याने राहायला आलो, तेव्हा किल्ली घेताना मी दोनदा थँक यू म्हणालो. त्यांनी हात पुढे करून किल्ली परत घेतली.

"भाडं देणार आहेस ना?"

"हो."

"मग आभार कसले? मी खोली देतो, तू भाडं देतोस. पुन्हा घे. नीट घे."

मी तोंड मिटून किल्ली घेतली. "आता जमलं," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तेव्हा ते एक्क्याण्णव वर्षांचे होते. वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर ऊसतोड मजुरांची आणि साखर कारखान्याच्या कामगारांची पहिली युनियन ज्या चार-पाच जणांनी उभी केली, त्यांतले ते एक. बाकीचे कधीच गेले होते. ह्यूस्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या मुलीने त्यांना टेक्सासला आणलं, आठ महिने स्वतःच्या घरी ठेवलं आणि मग अर्ध्या तासाच्या अंतरावर वेगळं घर घेऊन दिलं. ते का, हे मला आठवडाभरातच कळलं. त्यांची इंग्रजी त्यांच्या बेटाची होती, पहिला महिनाभर मला निम्मीच समजायची. आता आठवताना ती माझ्या कानात मराठीतच येते, म्हणून तशीच लिहितो.

घर होतं शुगर लँडमध्ये. आयुष्यभर साखरेच्या मालकांशी भांडलेल्या माणसाला शेवटी साखरेचंच नाव असलेल्या गावात राहावं लागावं, याचा त्यांना रोज नव्याने राग यायचा. इथला ऊस एके काळी कैद्यांकडून तोडून घेत, हे मला त्यांनीच सांगितलं. मी चार वर्षं या भागात नोकरी करत होतो आणि मला त्या गावाचं मोठं तळं आणि मोठा मॉल एवढंच माहीत होतं. घरात साखरेचा कण नसे. चहा कोरा आणि बिनसाखरेचा. माझ्याकडे मित्र आले आणि कुणी साखर मागितली, तर खालून आवाज यायचा, "ती कशी तयार होते ते मी पाहिलंय!"

मित्र मराठी असले की हमखास क्रिकेट काढायचे. तुम्ही वेस्ट इंडीजचे म्हणजे तुम्ही त्या काळातले फास्ट बोलर पाहिले असतील, वगैरे. एकदा शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आलेल्या माझ्या वर्गमित्राने असंच विचारलं. ते म्हणाले, "ते बोलिंग करायचे तेव्हा मी जेलमध्ये होतो. स्कोअर सांगायला कुणी आलं नाही." मित्राला वाटलं गंमत आहे, तो हसला. ते हसले नाहीत.

त्यांना हाक काय मारायची हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. सर म्हटलं तर भडकले. "सर मळ्यावर होता. घोड्यावर बसायचा." युनियनमध्ये एकमेकांना ब्रदर म्हणतात, तू तेच म्हण, असं त्यांचं म्हणणं. पण वडिलांच्याही वडिलांच्या वयाच्या माणसाला ब्रदर म्हणायला माझी जीभ वळेना. शेवटी मी म्हटलं, आमच्याकडे काका म्हणतात. म्हणजे काय? वडिलांचा भाऊ. त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे ब्रदरच झालो. चालेल."

माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वसतिगृहात राहून शिकलो, कारण हंगामाचे सहा महिने घर म्हणून काही नसायचंच. मुख्याध्यापकांनी फीचा अर्ज भरून दिला, एका बाईंनी स्वेटर दिला, कुणी जुनी पुस्तकं दिली. घरातला पहिला पदवीधर मी. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे, आजही आहे. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्वेटरबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं: "तुझ्या आईची हजेरी कोण मांडायचं?"

मी सांगितलं की आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो.

"आणि आईचं नाव कुठे?"

"नाव नसतं. कोयता असतो."

ते उठून उभे राहिले. त्या वयात खुर्चीतून उठायला त्यांना वेळ लागायचा, पण त्या दिवशी ताडकन उठले. डाव्या हाताची दोन बोटं त्यांची ऊस तोडतानाच गेली होती. त्या हाताने टेबल धरून ते म्हणाले, "दोन माणसं आणि एक हत्यार! आणि तू मला स्वेटरची गोष्ट सांगतोस?" मला वाईट वाटलं. स्वेटर देणाऱ्या बाईंचा काय दोष, असं मनात आलं. पण त्या रात्री मी आईला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, आई, तुला कधी राग आला नाही का गं? ती म्हणाली, "कशाचा?"

त्यांच्या रागाला वेळकाळ नव्हता. जुलैच्या उन्हात शेजारच्या घरी गवत कापायला चार माणसं आली की हे अंगणातल्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर स्वयंपाकघरातला टायमर, पायाशी बर्फाच्या पाण्याचा जग. दर तासाला टायमर वाजला की ओरडायचे, "पाणी!" ती माणसं बिचारी आधी घाबरायची, मग मशीन बंद करून यायची. शेजारीण बाई एकदा बाहेर आल्या. "सर, काही प्रॉब्लेम आहे का?"

"आहे. तुम्ही."

कॉलनीच्या असोसिएशनचं ताकीदपत्र आलं. त्यांनी ते चुंबक लावून फ्रिजवर चिकटवलं, शेजारी नातीच्या चित्राला जागा ठेवून. मी म्हटलं, काका, शेजारी आहेत, जाऊ द्या. हे शेवटचे दोन शब्द माझ्या तोंडातून मराठीत निघाले. त्याचा अर्थ त्यांनी विचारून घेतला. फोनवर बोलताना मी हे कितीदा म्हणतो ते त्यांनी मोजलं होतं. "तुझ्या भाषेतलं सर्वांत महाग वाक्य," ते म्हणाले. नंतर मी काहीही तक्रार केली, बसला उशीर झाला, गरम पाणी आलं नाही, की ते आपल्या उच्चारात आधीच म्हणून मोकळे व्हायचे, "जावद्या, जावद्या!"

युनियननेही त्यांना शेवटी काढून टाकलं होतं. त्यांनीच उभ्या केलेल्या युनियनच्या पुढाऱ्यांनी गाड्या घेतल्या, तेव्हा काका मीटिंगमध्ये उभे राहून त्या पुढाऱ्यांना मजुरांच्या गैरहजेरीची कारणं, आजारपण, उपासमार, अशी वाचून दाखवायला लागले. त्यानंतर सगळं जुनं झालं तेव्हा सरकारला त्यांची आठवण आली आणि पदक देऊ केलं. त्यांनी कळवलं, आधी माझ्या मित्राला द्या. मित्र सत्तर वर्षांपूर्वी मेलेला. सरकारचं उत्तर आलं की त्याच्या कार्याची नोंद कुठे आढळत नाही. "नोंद!" ते पत्र हातात घेऊन ओरडले. "नोंद मॅनेजरने फाडली होती." पदक घ्यायला ते गेले नाहीत. तो मित्र कोण, काय झालं, हे तेव्हा त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता माझ्या ऑफिसची गोष्ट.

मी एका कन्सल्टन्सीमार्फत ह्यूस्टनच्या एका एनर्जी कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळायचो. आम्ही अकरा जण, सगळे व्हिसावर. रात्री-बेरात्री सिस्टिम बंद पडली की फोन आम्हाला, सुट्टीच्या दिवशी आम्हालाच. हे आम्ही चालवून घेत होतो. मग पुण्याच्या सौरभचे वडील गेले. त्याने रजा मागितली. मॅनेजर आमचाच, मराठी. तो म्हणाला, "यार, रिलीज आहे. पुढच्या वीकमध्ये बघू." सौरभने वडिलांचं शेवटचं दर्शन कॉन्फरन्स रूममध्ये, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून घेतलं. काचेच्या बाहेरून आम्ही दहा जण त्याची पाठ बघत होतो.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. घरात मृत्यू झाला तर रजा मिळालीच पाहिजे आणि ऑन-कॉलची पाळी सगळ्यांना सारखी पाहिजे, एवढंच मागणं. काकांना दाखवलं. पहिलं वाक्य होतं, कंपनीने दिलेल्या संधीबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. त्यांनी पेन्सिलने ते खोडलं. 'नम्र विनंती' खोडलं. 'शक्य झाल्यास' खोडताना पेन्सिलचं टोक मोडलं. मग जेवणाची ताटली कागदावर उलटी ठेवून त्यांनी भोवती रेघ मारली.

"सह्या या गोलावर. सगळीकडून. कागद कसाही फिरवला तरी पहिलं नाव कुणाचं ते कळता कामा नये."

मी हो म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी प्रिंट काढताना मला ते पोरकट वाटलं. इंजिनियर माणसं आम्ही, ताटलीभोवती सह्या काय करायच्या? मॅनेजर हसेल. आणि वसतिगृहात असताना मुख्याध्यापकांनी अर्ज लिहायला शिकवलं होतं, त्यात नावं मांडायची रीत ठरलेली होती: मोठ्यांचं आधी. आमच्यात सगळ्यांत मोठे भाऊ. मूळ नागपूरचे, वय पन्नास, अकरा वर्षांपासून ग्रीन कार्डच्या रांगेत, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात. आम्हाला काम शिकवलं ते त्यांनी, पहिल्या हिवाळ्यात एअरपोर्टवर घ्यायला आले तेही तेच. त्यांचं नाव तळात टाकायचं? मी एक ते अकरा आकडे घातले आणि एक नंबरवर त्यांचं नाव टाइप केलं.

भाऊ म्हणाले, "अरे, माझं कशाला वर?"

"भाऊ, तुम्ही मोठे."

ते ओशाळवाणं हसले आणि सही केली. मी स्वतःचं नाव नम्रपणे नवव्या नंबरवर ठेवलं होतं.

शुक्रवारी पत्र मॅनेजरकडे गेलं. सोमवारी सकाळी त्याने भाऊंना आत बोलावलं. वीस मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा लॅपटॉप आतच राहिला होता आणि सोबत सिक्युरिटीचा माणूस होता. त्यांची पोझिशन एलिमिनेट झाली आहे, असं आम्हाला मेलवर कळलं. नोकरी गेली की या देशात राहायला साठ दिवस. त्या साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर अकरा वर्षांची रांग सोडून परत जायचं.

मग आम्हाला एकेकाला बोलावलं. मॅनेजर माझ्याशी फार गोड बोलला. "मला माहितीये, सीनियर माणसाने सांगितलं म्हणून तू साइन केलंस. तुझ्यासारख्या बॅकग्राउंडमधून आलेल्या मुलाचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. एक लाइन लिही, की मी सही विथड्रॉ करतो. विषय संपला."

पत्र मी लिहिलं होतं, नावं मी लावली होती. हे दोनच शब्दांत सांगता आलं असतं. मी डेस्कवर आलो आणि ती एक ओळ लिहून पाठवली. सगळ्यांनीच पाठवली, सौरभनेसुद्धा.

घरी आल्यावर काकांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावून माझी मेल वाचली, मग शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. मी लिहिलं होतं, थँक यू फॉर युअर अंडरस्टँडिंग.

मला वाटलं ते ओरडतील. ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"मी सातवा होतो. आमच्या मळ्यावरचं पहिलं पत्र. माझ्या मित्राला लिहिता यायचं, त्याने लिहिलं, त्यानेच पहिली सही केली. संध्याकाळी त्याला बायको आणि तीन मुलांसकट बराकीबाहेर काढलं. पाऊस होता. पावसाळा संपायच्या आत तो गेला. मी सातवा. मी दुसऱ्या दिवशी ऊस तोडायला गेलो."



"त्यानंतर मी ताटली घेतली. आणि तुला ती शिकवली. आणि तू," आता आवाज चढला, "तू त्याला मान दिलास! मान देऊन मारलंस त्याला! गाडी काढ."

भाऊंचं घर दहा मिनिटांवर. वहिनींनी दार उघडलं, डोळे सुजलेले, तरी आधी चहाचंच विचारलं. भाऊ सोफ्यावर बसले होते, ऑफिसचेच कपडे अंगावर. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नावं मी लावली. आणि आज सही मागे घेतली.

भाऊ म्हणाले, "अरे, तुझं काय चुकलं? मोठा म्हणून नाव वर टाकलंस. माझ्या नशिबात होतं. जाऊ दे."

काकांना मराठी येत नव्हतं, पण हे दोन शब्द त्यांना येत होते. काठी फरशीवर आपटून ते भाऊंना म्हणाले, "नो! त्याला माफ करू नका. इतक्यात नको. तो मोकळा होऊन घरी जाईल."

भाऊ गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात त्यांची मुलगी जिन्यावरून खाली आली. ती इंग्रजीतच बोलायची.

"तू नाव काढलंस?"

"हो."

"मग परत टाक ना." पुढे तिचा आवाज फाटला. "आमचं तर तुला काढता येणार नाही. ते तू वरती टाकलंयस."

वहिनी म्हणाल्या, "बाळा, असं बोलू नये मोठ्यांशी."

"बोलू दे," काका म्हणाले. वहिनी काय म्हणाल्या ते त्यांना कळलं असावं. मग ते तिला म्हणाले, "बोल. या घरात शुद्धीवर असलेली एकटी तूच आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेल केली. पत्र मी लिहिलं आहे, नावांचा क्रम मी लावला आहे, काल मागे घेतलेली सही पुन्हा करतो आहे. मेल मॅनेजरला आणि आम्हा सगळ्यांना पाठवली. दुपारी सौरभची एका ओळीची मेल आली: माझीपण. बाकी आठ जण गप्प राहिले. मॅनेजर म्हणाला, "तुला कुणीतरी भरीस घातलंय."

"कुणी नाही."

"वेडा आहेस यार. एवढ्या वर्षांचं शिक्षण वाया घालवशील."

दोन आठवड्यांत आम्ही दोघेही बाहेर होतो. काकांनी मला सरकारी कचेरीत नेऊन रीतसर तक्रार दाखल करायला लावली. एकत्र मागणी केली म्हणून कुणाला काढणं कंपनीला कायद्याने चालत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कायदा होताच. पण त्या तक्रारीचा साधा पहिला फोन यायला जितका वेळ लागला, तितक्यात भाऊंचे साठ दिवस संपत आले. मला आणि सौरभला दुसऱ्या कंपन्यांनी घेतलं, आम्ही तिशीच्या आतले. पन्नास वर्षांच्या माणसाला कुणी घेतलं नाही. भाऊंनी त्या दिवसांत केलेल्या सगळ्या अर्जांमध्ये कव्हर लेटर लिहायला मी मदत केली. प्रत्येक अर्जात त्यांचं वय दिसू नये म्हणून आम्ही कॉलेजचं वर्ष गाळत होतो. मॅनेजर त्याच सुमारास प्रमोट झाला.

निघायच्या आदल्या दुपारी भाऊंनी घर रिकामं करायला बोलावलं. इथून परत जाणाऱ्या प्रत्येक घरी होतं तेच. विजेची उपकरणं तिकडे चालत नाहीत, बाकी सामानाला बॅगेत जागा नसते, म्हणून सगळं वाटून टाकायचं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वहिनींनी मला मिक्सर दिला, अर्धं पोतं तांदूळ, हळदी-तिखटाचे डबे आणि कुकर.

"घे. तू एकटा असतोस, तुला लागेल."

मला नाही म्हणता येईना. घेताही येईना. मुलगी वर होती. तिच्या खोलीचं दार बंद होतं आणि ती शेवटपर्यंत खाली आली नाही. शाळा संपायला तिचे तीन महिने राहिले होते.

काकांनी कुकर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः गाडीपर्यंत नेला. पायऱ्यांवर भाऊ धरायला गेले तर त्यांनी हात झटकला. सीटवर बसून पट्टा लावला, कुकर मांडीवर घेतला. पहिल्या सिग्नलला मला रडू आलं.

"रस्ता बघ."

"काका, मला फार लाज वाटते."

"लाज वाटलेला माणूस घरात बसतो. आमच्याकडे घरात बसलेली माणसं खूप होती." सिग्नल हिरवा झाला तरी मी थांबलो होतो. मागच्या गाडीने हॉर्न दिला. "रजेचं काय झालं? दिली त्यांनी? कुणाचा बाप मेला तर आता तरी सोडतात?"

"नाही."

"मग पत्र अजून चालू आहे." त्यांनी तीन बोटांच्या हाताने कुकरचं झाकण घट्ट धरलं आणि पुढच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "आठ जणांचे पत्ते आहेत तुझ्याकडे? उद्या शनिवार आहे. सगळे घरी असतील. किती वाजता निघायचं?"

आम्ही दहाला निघालो. आठांपैकी पाच घरांनी दार उघडलं.